पश्चिमेकडची भिंत

घराच्या पूर्वेला मुर्ताची, लाल वाटोळ्या फळांची, अकरा झुडपं होती, दोन रांगांत, पुढे सहा आणि मागे पाच. त्यांच्या पायाशी पांढऱ्या स्ट्रॉबेरीचे वेल पसरलेले होते. ते मोजता येत नाहीत, कारण दर वर्षी जागा बदलतात. पण एका पलंगाएवढी जमीन त्यांनी धरली होती. चराच्या काठाला नालकाचे चार ठोंब, एकेक पान माणसाला पावसात झाकेल एवढं. रुबार्बचे सहा. सफरचंदाची तीन झाडं, त्यांतलं एक आतून पूर्ण पोकळ, तरीही फळणारं. टोपल्या विणायच्या वाळुंजाची दोन खोडं. कुंपणाच्या कोपऱ्यात मनिलाचा एक जुना ठोंब, तलवारीसारख्या ताठ पानांचा. त्या पानांतून निघालेल्या वाखाचे दोर बेटावरच्या कितीतरी होड्यांना बांधलेले होते.

पोकळ सफरचंद वडिलांच्या वेळचं. बाकी सगळं ओर्फेलिनानं लावलेलं. यातलं काहीच दर वर्षी पेरावं लागत नव्हतं. एकदा लावायचं आणि मग आपण तिथून हलायचं नाही, एवढीच काय ती अट.

तिनं हे सगळं जानेवारीत मोजलं. मोजायची तशी गरज नव्हती, कुठे काय आहे ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण त्या दिवशी सकाळी इस्मेनिया तिच्या घरी येऊन गेली होती.

"तुझा दादा काल आमच्या दारात उभा होता," इस्मेनिया म्हणाली. ती खालच्या खाडीजवळ राहायची, आणि बेटाच्या टोकावर यायची ती बातमी असेल तरच. "टोपी काढून, हातात धरून. म्हणे, इस्मेनियाबाई, एक दिवस बैल मागायला आलोय, माणसं मागायला आलोय. लग्नाला मुलगी मागायला आल्यासारखा लाजत होता मेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? दारात येऊन मागितल्यावर नाही म्हणता येतं होय? दोन जोड्या देतो म्हटलं. बेलार्मिनोकडेही जाऊन आला. त्या गुडघ्यांनी अख्खं बेट पालथं घातलं बघ त्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरंच झालं गं. इथे टोकावर एकटी किती दिवस काढणार होतीस? आता धक्क्याजवळ राहशील. दवाखाना समोर, दुकान समोर. आमच्यासारखी माणसांत येशील."

ओर्फेलिनानं मातेचा कडू चहा भरून तिच्या हातात दिला आणि केटली पुन्हा चुलीवर ठेवली.

घर दादाचं, फिलिदोरचं होतं, यात वाद नव्हता. वडिलांनी मरताना तसंच सांगितलं होतं: घर मुलाला, जमीन मुलीला. टोकावरच्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं आणि घर आलेर्सेच्या लाकडाचं, शंभर वर्षं न कुजणारं. त्यामुळे वाटणी मुलाच्या बाजूनं झुकलेली आहे असं तेव्हा सगळे म्हणाले. पण मुलगा त्याच वर्षी दक्षिणेला मेंढ्यांच्या कुरणांवर कामाला गेला. बेटावरचे पुरुष जातात आणि पैसे साठले की येतात, तसा तो येईल असं वाटलं होतं. तो चाळीस वर्षांनी आला. बायको केली नव्हती. गुडघे गेले होते. धक्क्याजवळ त्यानं जमिनीचा एक तुकडा घेतला, आणि मग त्याला आपलं घर हवं झालं. बेटावर घर हवं असेल तर बांधतात, आणि आधीच असेल तर ते हव्या त्या जागी ओढून नेतात. त्यासाठी सगळ्यांनी मिळून करायची इर्जिक लागते, बैल लागतात, माणसं लागतात, आणि ती मागण्याची एक रीत आहे. मालकानं स्वतः प्रत्येकाच्या दारात जायचं, स्वतःच्या तोंडानं मागायचं. ज्याला मागितलं तो नाही म्हणत नाही. ज्याला मागितलं नाही तो येत नाही, मग तो शेजारच्याच घरात का राहत असेना.

फिलिदोर टोकावर दोनदा आला. पहिल्यांदा त्यानं घराखालचे खुंट पाहिले, वाकायला जमत नव्हतं म्हणून काठीनं ठोकून. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं.

"तुझी खोली तशीच राहील. चूल तशीच. काही बदलत नाही, फक्त खिडकीतून दुसरं दिसेल."

"आणि ते?" तिनं पूर्वेकडे बोट केलं.

"ते काय? झाडं आहेत. तिकडे लावू पुन्हा."

"पुन्हा लावलेल्या मुर्ताला फळ कधी धरतं, माहीत आहे का तुला?"

"मला कसं माहीत असेल, ओर्फे? मी मेंढ्या राखल्या."

ती हसली. तोही थोडा हसला. त्या क्षणी त्यानं विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. कदाचित हो म्हणाली असती. पण तो घराबद्दल सांगत राहिला, ओंडके कुठून आणणार, चढ कुठे टाळणार, आणि काठी टेकत निघून गेला. बेटावर त्यानं अठ्ठावीस दारांत जाऊन मागितलं. एकोणतिसावं दार त्याच्या स्वतःच्या घराचं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, उन्हाळ्यानं जमीन कडक असताना, इर्जिक झाली. आदल्या दिवशी बायकांनी लोखंडी चूल बाहेर काढली, दारं-खिडक्या काढल्या, आत उभे-आडवे टेकू ठोकले. परसात खड्डा खणून दगड तापवले. त्यांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, बटाट्याच्या जाड भाकरी रचल्या आणि वर नालकाची पानं झाकली. चारही ठोंबांची सगळी मोठी पानं त्यात गेली. ओर्फेलिनानं ती स्वतः कापून दिली. सफरचंदाची आंबवलेली चिचाही तिनंच काढली, कारण पाहुण्यांचं खाणंपिणं हा वेगळा विषय होता.

सोळा बैलजोड्या लागल्या. बेलार्मिनो पुढे उभा राहून हुकूम सोडत होता. त्याचा आवाज मोठा होता आणि त्याला ते माहीत होतं.

"ए, लाल जोडी मागे का? सासरी चाललीय का ती? ओढा! इस्मेनियाबाई, बैलाकडे बघा, माझ्याकडे काय बघता?"

"तुझ्याकडे बघण्यासारखं उरलंय काय?" इस्मेनिया ओरडली, आणि सगळी रांग हसली.

घर एकदा कण्हलं आणि खुंटांवरून उचललं गेलं. ओंडक्यांवर बसलं. बेलार्मिनोनं हात वर करून बैल थांबवले आणि ओर्फेलिनाकडे वळला. ती खड्ड्याजवळ भांडी घासत होती.

"चला बाई, आत बसा. राणीसारखी नेतो तुम्हाला. खिडकीतून हात हलवा म्हणजे झालं."

"मी नाही येत," ओर्फेलिना म्हणाली.

"म्हणजे? चालत येणार?"

"मला कुणी विचारलेलं नाही."

ती हे मोठ्यानं बोलली नव्हती, पण दोर धरून उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. फिलिदोर ओंडक्यांच्या बाजूनं पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"घरच्या माणसाला कोण विचारतं?"

"तेच म्हणतेय मी."

टोपी त्याच्या हातात होती. घाम पुसायला काढलेली. साठ-सत्तर माणसं पाहत होती. दोन पावलं पुढे येऊन चार शब्द बोलायचे होते, आणि गेला महिनाभर तो तेच चार शब्द दारोदार बोलत आला होता. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"ओढा," तो बेलार्मिनोला म्हणाला.

घर कुरणावरून उतरत गेलं. वळणावर त्याचं छप्पर दिसेनासं झालं तेव्हा ओर्फेलिना भांडी घासून पुरी करत होती.

परसातली जुनी खोपी मात्र तिची होती. ती घरापासून वेगळी, जमिनीत रोवलेल्या डांबांची, मधोमध उघडी चूल आणि छपराला धुरासाठी भोक असलेली. तिनं पलंग त्यात आणला. मासे धुरी देऊन वाळवायला बांधलेल्या त्या जागेत झोपलं की सकाळी केसांना, उशीला, ओठांनाही धुराची चव असायची. लोक सुरुवातीला येऊन गेले. इस्मेनिया दोनदा आली, बसायला जागा शोधत राहिली आणि उभ्यानंच गेली. एप्रिलनंतर कुणी आलं नाही. ओर्फेलिनाच्या एक गोष्ट लक्षात आली, की दिवसभर बोललं नाही तर संध्याकाळी कोंबड्यांना हाक मारताना आवाज पहिल्या वेळी फुटत नाही, दुसऱ्या वेळी फुटतो.

घर होतं तिथे एक आयत उरला होता. कोरडी, राखाडी, पिठासारखी माती. तिच्यावर शंभर वर्षं पाऊस पडलेला नव्हता. तिनं फावड्यानं उकरून पाहिली: एक गांडूळ नाही, एक मूळ नाही. मुर्तांची मुळं भिंतीपर्यंत आली होती आणि तिथून मागे वळली होती.

मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडाशी, पश्चिमेचा वारा सुरू झाला. तो दर वर्षी यायचा. घराच्या भिंतीवरच्या, खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांवर रात्रभर वाजायचा, आणि सकाळी ती पूर्वेच्या दारातून बाहेर पडून बागेत जायची तेव्हा तिथे पानही हललेलं नसायचं. आता तो कोरड्या आयतावरून सरळ आला. समुद्राचं मीठ घेऊन आला. आठवड्यात पुढच्या रांगेतल्या मुर्तांची पानं पश्चिमेच्या बाजूनं तपकिरी झाली, विस्तवाजवळ धरल्यासारखी. मग फांद्या बुंध्याशी फाटू लागल्या.

तिला आधी वाटलं, मागची रांग जाईल, कारण ती झुडपं लहान होती. पण गेली ती पुढची. भिंतीच्या सर्वांत जवळची सहा, सर्वांत उंच, सर्वांत गोड फळांची. शांततेत वाढल्यामुळे ती उंच झाली होती आणि त्यांचं लाकूड मऊ राहिलं होतं. मागच्या रांगेपर्यंत पूर्वीही घरावरून उतरणारा थोडा वारा पोचायचा. ती आखूड आणि चिवट होती. ओर्फेलिना फाटलेली फांदी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. ही बाग आपण वाढवली असं ती चाळीस वर्षं समजत होती. तिनं खत घातलं होतं, छाटलं होतं, शेवाळ खरवडलं होतं. निम्मं काम भिंत करत होती, आणि कुणाला दिसत नव्हतं.

तिनं जुनी जाळी बांधली. वाऱ्यानं नेली. पोती शिवून बांधली. ती एक दिवस टिकली आणि नंतर सफरचंदाच्या झाडावर लटकलेली सापडली. त्या ओझ्यानं पोकळ झाड मोडलं. कुंपण हवं होतं, डोक्याएवढं, बांबूच्या कामट्यांनी विणलेलं, खोल ठोकलेल्या खुंटांवर. बांबू ओढ्यात हवा तेवढा होता. विणता तिला येत होतं. पण खुंट एकानं धरायचा असतो आणि दुसऱ्यानं ठोकायचा. तिनं पायानं धरून पाहिला, दगडांत अडकवून पाहिला. तो तिरका जायचा, आणि तिरका खुंट वाऱ्यासमोर नसल्यासारखाच.

ऑगस्ट संपता संपता मुर्ताची पाच झुडपं उभी होती. तिनं डोक्याला शाल गुंडाळली आणि धक्क्याची वाट धरली.

घर तिला लांबूनच दिसलं, आणि चुकीचं दिसलं. पोचल्यावर कळलं: ते उलटं बसवलं होतं. धक्क्याच्या रस्त्याकडे तोंड हवं म्हणून फिरवलेलं, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार आता पश्चिमेला आलं होतं. त्या दारावर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. चाळीस वर्षं ज्या दारानं ती आत-बाहेर केली, त्यानं कुणीच जात-येत नव्हतं. ती वळसा घालून पुढच्या दाराशी गेली. ते तिनं कधी वाजवलं नव्हतं. कुठे वाजवायचं हे क्षणभर कळेना.

फिलिदोरनं दार उघडलं. त्याच्या अंगावर दोन स्वेटर होते आणि घरात चूल विझलेली होती.

"ओर्फे. ये. आत ये."

"आत नाही येत. रीत दारातली आहे." तिनं शाल डोक्यावरून खाली घेतली, पुरुष टोपी काढतात तशी. "दादा, एक दिवस मागायला आलेय. कामाला दोन हात मागायला आलेय."

 त्याच्या मागे रिकाम्या घरात कुठेतरी दार वाऱ्यानं आपटत होतं.

"हे मला म्हणायला आलीस? तू?"

"तू म्हणाला नाहीस, म्हणून."

"साठ माणसांसमोर मला तोंडघशी पाडलंस."

"साठ माणसांना विचारलंस."

त्यानं दाराची चौकट धरली होती. ती सोडली, पुन्हा धरली. "वाराच घुसतो गं त्या दारातून," तो म्हणाला. "फळ्या ठोकल्या तरी घुसतो. बेलार्मिनोला म्हटलं होतं मी, उलटं बसवू नको. पण तो बोलायला लागला की..." मग थांबला. "कधी हवाय दिवस?"

"जमीन ओली आहे तोवर."

तो ठरलेल्या दिवशी आला, बेलार्मिनोच्या बैलगाडीत बसून, खुंट आणि घण घेऊन. बेलार्मिनो नेहमीसारखा बोलत होता: एवढ्या थोड्या कामाला एवढी मोठी रीत कशाला, नुसता निरोप दिला असता तरी गाडी आली असती. दोघंही हसली नाहीत तेव्हा तो बांबू आणायला ओढ्याकडे गेला.

भिंत कुठे होती ते फिलिदोरला बरोबर सापडलं. जुन्या खुंटांचे खळगे काठीनं शोधत तो रांगेनं चालला. एका जागी थांबला.

"इथे माझा पलंग होता. याच भिंतीला. वारा ऐकत झोपायचो मी."

"मला नंतर तिथे बटाटे ठेवावे लागले."

ओर्फेलिनानं खुंट धरला, त्यानं ठोकला. प्रत्येक ठोका तिच्या कोपरापर्यंत यायचा. गुडघ्यांमुळे तो दर खुंटाला थांबायचा आणि ती धरून उभी राहायची. दुपारपर्यंत एवढंच चाललं; नंतर तिनं खुंटांमध्ये बांबूच्या कामट्या विणल्या. मग तिनं कोपऱ्यातला मनिलाचा जुना ठोंब कुऱ्हाडीनं फोडला. चौदा तुकडे झाले, प्रत्येकाला मूळ आणि तीन-चार पानं. ते कुंपणाच्या आडोशाला, कोरड्या राखाडी मातीत, शेण आणि समुद्री शेवाळ घालून, एका रांगेत लावले. कुंपण खाऱ्या वाऱ्यानं तीनेक वर्षांत कुजेल; तोवर मनिला वाढलेली असेल, आणि ती कुजत नाही.

जाताना गाडीत चढून बसल्यावर तो म्हणाला, "आता तू मला एक दिवस देणं लागतेस."

"मागशील तेव्हा."

"दारात येऊनच मागावं लागेल ना?"

"हो."

"गुडघे बघतेयस ना माझे?"

"बघतेय."

बेलार्मिनोनं बैल हाकले.

त्या वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. हवा स्वच्छ असली की टोकावरून धक्क्याजवळच्या धुरांत घराचा धूर ओळखू यायचा. इतरांपेक्षा उशिरा निघायचा आणि लवकर थांबायचा. ओर्फेलिना तो पाहायची आणि कोंबड्यांना हाक मारायला वळायची. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी एक मुर्ता गेली. कुंपणाच्या कामट्या खालून कुजू लागल्या.

तिसऱ्या एप्रिलमध्ये एका सकाळी कोंबड्या कलकलल्या. फिलिदोर वाटेवर उभा होता, एकटा, दोन काठ्यांवर. पहाटे निघाला असावा. खोपीच्या दारासमोर येऊन त्यानं एक काठी खाली टाकली, कारण टोपी काढायला हात लागतो.

"ओर्फे, एक दिवस मागायला आलोय," तो म्हणाला. "घराच्या पूर्वेला काहीच नाही. मोकळंच आहे सगळं. काहीतरी लावून दे."

तिनं त्याला बसवलं, खाऊ घातलं. मग उरलेल्या मुर्तांच्या बुडाशी मुळं धरलेली चार कलमं काढली, ओल्या शेवाळात गुंडाळली, आणि दोघं थांबत थांबत धक्क्यापर्यंत चालत गेली. घराच्या पूर्वेला वारा नव्हता. ती तिथे मध्ये जाऊन उभी राहिली, आणि तिचे कान काही वेळ रिकामे वाटले. कलमं तिनं भिंतीला अगदी लागून लावली नाहीत. तीन पावलं सोडली.

"खोली तशीच आहे," फिलिदोर म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे, मी विचारतोय."

तिनं हाताची माती झटकली. तिला हे उत्तर कधीचं द्यायचं होतं, आणि आता ते देताना पाहिलं तर ते दुसरंच निघालं.

"मनिला अजून माझ्या खांद्याएवढीच आहे," ती म्हणाली. "कुंपण जाईल या हिवाळ्यात. मी तिथे हवी."

 अंधार पडायच्या आत ती टोकावर परतली.

पुढच्या मार्चमध्ये तिनं पुन्हा मोजलं. मनिलाच्या चौदा ठोंबांपैकी तेरा लागले होते. सर्वांत लांब पान तिच्या डोक्याच्या वर एक वीत. कुंपणाचे तीन खुंट उभे. नालका चार, रुबार्ब सहा, सफरचंदं दोन. मुर्ताच्या अकरा झुडपांपैकी चार. घर असताना मुर्तांच्या मुरंब्याच्या नऊ बरण्या भरायच्या. या वर्षी दीड भरली. धक्क्याजवळ लावलेल्या चार कलमांपैकी दोन जगली, आणि त्यांतल्या एकाला सात फळं होती.